थांबा मेस्त्री

आधी गुन्हा कबूल करून टाकते, म्हणजे पुढचं लिहायला हात मोकळा राहील. लग्न होऊन सासरी आल्यावर पहिल्याच पोळ्याला मी एका हेलिकॉप्टरच्या शेपटीला गोंडा बांधला होता. पोपटी लोकरीचा, चांगला वीतभर लांब, खाली लाल टोक. बैलाच्या गळ्यात बांधतात तसाच. आणि त्याच दिवशी ते हेलिकॉप्टर पडलं.

हसा, खुशाल हसा. मीही आता हसते. सत्तरी ओलांडली की माणूस आपल्याच तरुणपणाकडं शेजारच्या घरातल्या आगाऊ सुनेकडं बघावं तसं बघायला लागतं. एकोणीस वर्षांची ती बया, मॅट्रिकला दोनदा बसलेली, नाकात नवी मोरणी आणि डोक्यात दीड शहाणपण. आज समोर आली तर कान धरून उभी करीन. पण ज्यांच्यापुढं तिला उभी करायला हवी होती, ते थांबा मेस्त्री आता राहिले नाहीत. म्हणून हा कागद.

थांबा मेस्त्रींचं खरं नाव आमच्या गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. हेलिकॉप्टरबरोबर आलेले मेस्त्री, एवढीच ओळख. त्यांच्या तोंडात सदा एकच शब्द. कुणी यंत्राकडं पाऊल टाकलं, "थांबा." कुणी चहाचा कप पुढं केला, "थांबा", मग खांद्यावरच्या लाल फडक्याला दोन्ही हात पुसायचे आणि कप घ्यायचा. हेलिकॉप्टर चालवणारे कॅप्टनसाहेब पंजाबकडचे, धिप्पाड, घाईचे. ते आत बसून पट्टा आवळायचे, अंगठा वर करायचे, आणि हे खाली हात वर करून उभे. "थांबा." मान तिरकी करून काहीतरी ऐकायचे. पंख्याच्या त्या वादळात काय ऐकू येत असेल देव जाणे. समाधान झालं की हात खाली यायचा. तोवर यंत्र जमीन सोडायचं नाही. कॅप्टन चिडायचे, पण हात खाली येईपर्यंत थांबायचे.

गाव आमचं बिलोली तालुक्यातलं, मांजरा नदीच्या अलीकडं. काळी जमीन, पाऊस पडला की चप्पल ओढून घेणारी. त्या साली कापसावर बोंडअळी अशी पडली की बोंड फोडलं तर आत कापूस कमी, अळ्या जास्त. पाठीवरच्या पंपानं पुरं पडेना, म्हणून वरूनच फवारायचं ठरलं. गावात दवंडी फिरली: विहिरी झाका, जनावरं दावणीला बांधा, लेकरं घरात ठेवा. आमच्या माळावर औषधाची पिंपं आली, एक राहुटी उभी राहिली आणि एका सकाळी आभाळातून ते धूड उतरलं. शेताच्या दोन टोकांना दोन गडी पांढरे झेंडे घेऊन उभे राहायचे; त्या झेंड्यांच्या रेघेत ते जायचं, वळायचं, झेंडे वीस पावलं सरकायचे, पुन्हा यायचं. कुळवाची पाळी घातल्यासारखं. आमचे मामंजी, म्हणजे माझे सासरे, पहिल्या दिवशी बघून म्हणाले, "बैल चांगला हाय. तास सरळ धरतो."

मेस्त्रींचा पाना, पेचकस, कानस असा सगळा संसार एका पांढऱ्या चादरीवर मांडलेला असायचा. एकेक हत्यार आपल्या जागी, बाळंतिणीच्या खोलीत असावं तसं स्वच्छ. संध्याकाळी त्यातलं एखादं दिसेना झालं की सगळा माळ उपसायचा. एकदा एक बोटभर पाना सापडेना, तर दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्र उडू दिलं नाही. ऊन चढेपर्यंत शोधलं. शेवटी तो त्यांच्याच बुटात निघाला. गाव हसलं. ते नाही हसले. म्हणाले, "बुटात निघाला म्हणून हसून राहिलेत तुम्ही. यंत्रात निघाला असता तर?"

दुसरी सवय आम्हा बायकांना जास्त कळायची, कारण ती भाकरीशी होती. जमीन आमची म्हणून मेस्त्रींचा डबा आमच्या घरून जायचा. यंत्र आभाळात असेपर्यंत ते डब्याला हात लावायचे नाहीत. डबा लिंबाखाली, फडक्यात बांधलेला. ते पिंपांपाशी उभे, नजर वर. यंत्र उतरलं, पंखा थांबला, कॅप्टन खाली आले, की मग हात धुऊन डबा उघडायचा. भाकरी तोवर वाळून खापरी व्हायची. सासूबाईंना, त्यांना मी आत्याबाई म्हणायची, याचा फार राग. एकदा डबा द्यायला आम्ही दोघी गेलो तेव्हा त्यांनी विचारलंच.

"मेस्त्री, खाऊन का न्हाई घेत वक्तावर?"

"आपलं माणूस वर गेल्यावर घास उतरत न्हाई, मावशी."

"घरी कोण कोण हाय तुमच्या?"

"थांबा," मेस्त्री म्हणाले. आणि खरंच थांबले. लिंबाकडं बघत राहिले. मग म्हणाले, "आई होती."

घरी कोण आहे एवढं सांगायला ज्याला थांबावं लागतं, असा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. दुसऱ्या दिवसापासून डब्यात भाकरीऐवजी दशम्या जायला लागल्या. दशमी वाळत नाही.

माझंही त्या गावात कुणी नव्हतं, खरं तर. घरात माणसं दहा, पण माझं माहेर निलंग्याकडलं आणि इथल्या बायका निम्म्या बोलण्यात तेलुगू घालायच्या. त्या हसल्या की मला वाटायचं, मलाच हसतायत. 'आमचे हे' माणूस भले, पण बोलायचे ते फक्त बैलांशी. मग मी कामं काढून माळवदावर जायची. पावसाळ्यात मातीच्या माळवदावर गवत उगवतं, ते उपटायला. एकेक काडी उपटायला मला तासभर लागायचा, कारण तिथून माळ दिसायचा. हेलिकॉप्टर, चादर आणि लाल फडक्यावाला एकटा माणूस. बाकी मंडळी मुक्कामाला बिलोलीला जायची. मेस्त्री तिथंच यंत्रापाशी राहायचे.

त्यांच्याशी मी स्वतः बोलले ते एकदाच. आत्याबाई विहिरीकडं गेल्या होत्या, तेवढ्यात पदराआडून मी विचारलं, "ह्याला झोप येती का?" म्हणजे यंत्राला. असले प्रश्न मला तेव्हा फार पडायचे, आणि पडले की पोटात राहायचे नाहीत.

मला वाटलं, हसतील किंवा रागावतील. मेस्त्री म्हणाले, "थांबा." पेचकस घेतला, त्याचं टोक यंत्राच्या पोटाला लावलं, मूठ स्वतःच्या कानाला. मग पेचकस माझ्याकडं केला. मीही कान लावला. आत टिक, टिक, मधूनच टक.

"गार पडताना वाजतंय. झोपलंय ते, वहिनी," मेस्त्री म्हणाले. "घोरून राहिलंय."

ते बोलणं मला महिनाभर पुरलं.

आता पोळा. आमच्याकडं पोळ्याला औत नाही, गाडी नाही, बैलाच्या मानेवर काडीचं ओझं नाही. आदल्या दिवशी संध्याकाळी खांदेमळणी. बैलांच्या खांद्याला तूप-हळद चोळायची आणि कानात सांगायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवायला या. मामंजींना कळलं की पोळ्याच्या दिवशीही फवारणी आहे, तेव्हा ते स्वतः माळावर गेले. कॅप्टनना सांगून पाहिलं. कॅप्टन म्हणाले, परवा पुढच्या गावाला जायचंय, पाऊस यायच्या आत उरलेला कापूस उरकून टाकू. आणि मोठ्यानं हसले, "ये कोई बैल थोडे ही है, पाटील!"

मामंजी घरी आले ते तोंड पाडून. मला मात्र त्यातून निराळंच सुचलं. माहेरी आमच्या अण्णांनी मोट सोडून ऑइल इंजिन घेतलं, त्या पोळ्याला त्यांनी इंजिनालाही गेरू लावला होता, वर पुरणपोळीचा घास ठेवला होता. जो राबतो त्याचा पोळा, असं त्यांचं साधं गणित. मग हेलिकॉप्टरनं काय घोडं मारलंय? महिनाभर आमच्या शेतात राबतंय, त्याला ना खांदेमळणी, ना आवतन. वर सणाच्या दिवशी कामाला जुंपायचं! मला त्या यंत्राची दया आली. खरं सांगू? दया यंत्राची नव्हती. पण ते कळायला पुढं पुष्कळ वर्षं जावी लागली.

आमच्या यांच्यासाठी विणायला घेतलेला पोपटी स्वेटर मला जमेना. एक बाही गुडघ्यापर्यंत आली, दुसरी कोपरापर्यंत. तो उसवून मी बैलांना गोंडे केले होते. चार बैलांचे चार. उरलेल्या लोकरीचा पाचवा केला.

पोळ्याच्या दिवशी उजाडता उजाडता हातात तांब्या घेऊन मी परसाकडच्या वाटेनं निघाले आणि माळावर गेले. मेस्त्री विहिरीवर तोंड धूत होते. यंत्र दवानं भिजलेलं. शेपटीच्या टोकाला जो छोटा पंखा असतो, त्याच्या अलीकडच्या दांडीला मी गोंडा बांधला. माहेरी शिंगाला मारतात ती गाठ मारली, वर आणखी एक, आणि बैल झटकून टाकील की काय म्हणून तिसरी. हो, बैल झटकून टाकील म्हणून! तेवढ्यात पावलं वाजली. मी शेजारच्या तुरीत शिरले.

मेस्त्री आले. चादर पसरली. रोजच्यासारखं नाकापासून सुरू केलं. काचेवरून हात, सांध्यावरून हात, एकेक खिळा बोटानं दाबून बघायचा, मधूनच स्वतःलाच "थांबा" म्हणायचं आणि मागं येऊन पुन्हा तोच खिळा दाबायचा. पोटाखाली वाकले, फवाऱ्याच्या नळ्या पाहिल्या. आता शेपटीकडं येणार. मी तुरीत तोंडावर हात धरून हसू दाबतेय, म्हटलं, बघू गोंडा दिसल्यावर काय म्हणतात. तेवढ्यात माळवदावरून आत्याबाईंची हाक आली, "कुठं उलथली गं?" मी वाकून, तुरीतून, तांब्या लवंडत घराकडं पळाले. शेपटी तपासताना मी त्यांना पाहिलं नाही. एवढंच पाहायचं राहिलं.

दोन फेऱ्या झाल्या. मी अंगणात बैलांच्या शिंगांना हिंगूळ लावत होते. तिसऱ्या फेरीला आवाज बदलला. शिलाई मशीनमध्ये दोरा गुंतल्यावर होतो तसा, चर्रर्र. आम्हाला तो कळायच्या आधी माळावर मेस्त्रींना कळला. झेंडेवाल्या गड्यांनी नंतर सांगितलं, मेस्त्री पिंपांपासून पळत सुटले, कापसातून, दोन्ही हात वर करून, आभाळाकडं तोंड करून ओरडत, "थांबा! थांबा! थांबा!" मी माळवदावर पोचले तेव्हा यंत्र भिंगरीसारखं स्वतःभोवती फिरत होतं. मग नाल्यापलीकडं कापसात आडवं झालं. आवाज मोठा नाही आला. ओला, दबका आला. मला अजून वाटतं, मोठा आला असता तर बरं झालं असतं.

कॅप्टन जिवंत होते, कंबर मोडली होती. मेस्त्रींनी एकट्यानं त्यांना ओढून बाहेर काढलं. औषधानं स्वतःचे हात भाजून घेतले. कॅप्टनची जीप काळ्या मातीत रुतलेली, सडकेपर्यंत न्यायचं कसं? मामंजींनी एकदाच दावणीकडं पाहिलं आणि यांना म्हणाले, "जुंप." पोळ्याच्या दिवशी, शिंगं रंगवलेली, अंगावर झुली, गळ्यात माझे पोपटी गोंडे, असे आमचे सर्जा-राजा गाडीला जुंपले गेले.  बायका दारात उभ्या होत्या. मागं गवतावर कॅप्टन, त्यांचं डोकं मांडीवर घेऊन मेस्त्री, पुढं गोंडे हेलकावे खात. मी गोंड्यांकडं बघत राहिले. पाचवा कुठाय, एवढंच डोक्यात.

संध्याकाळी मेस्त्री बिलोलीहून चालत आले. माळावर यंत्र ज्यांवर टेकायचं त्या दोन पट्ट्यांच्या खुणा उमटल्या होत्या, त्या दोन खुणांच्या मध्ये जाऊन बसले. लिंबाखाली पुरणपोळीचा डबा तसाच, फडक्यावर मुंग्यांची रांग. मी तो उचलून आणला आणि घासला. पुष्कळ वेळ घासला.

कॅप्टन वाचले, पण पुन्हा कधी उडाले नाहीत, असं कळलं. आणि पेपरात दोन ओळी आल्या: यांत्रिक बिघाडामुळे अपघात. यांनी मोठ्यानं वाचून दाखवलं. यांत्रिक बिघाड! मला वाटलं, छापणाऱ्यानं माझंच नाव छापलंय. हे रेघ ओढून मला विचारतील, हे कुणाचं नाव गं?

चौकशीला तीन साहेब आले. आमच्याच ओसरीवर बसले. शेपटीतलं काहीतरी तुटलं होतं, एवढं दाराआड मला ऐकू आलं. शेपटी म्हटल्यावर पुढचं मला काही ऐकूच आलं नाही. मी चहाचं ताट घेऊन उंबऱ्यात उभी. मेस्त्री समोर जमिनीवर, हातांना पट्ट्या, एका अंगठ्याला निराळी चिंधी.

"सकाळी तपासणी केली होती?"

"केली होती साहेब. समदी."

"शेपटीची?"

"शेपटीची पण."

"सही केल्याचं पुस्तक?"

पुस्तक यंत्रातच होतं, औषधात भिजून त्याचा लगदा झाला होता.

"मग तपासणी केली हे कुणी पाहिलं का? काही पुरावा?"

मेस्त्रींचा हात सदऱ्याच्या खिशाकडं गेला. तिथंच राहिला. मला वाटलं, विडी शोधतायत. ते विडी ओढत नव्हते हे मला पुरतं ठाऊक होतं, तरी असं वाटलं. मग हात खाली आला.

"थांबा," ते म्हणाले. साहेब थांबले. मेस्त्रींनी दाराकडं पाहिलं की भिंतीकडं, मला सांगता येणार नाही. "न्हाई साहेब. कुणी न्हाई."

मी होते. उंबऱ्यात, पाच कप चहा घेऊन, मी होते. नाकापासून पोटापर्यंत खिळा न् खिळा दाबताना मी पाहिलं होतं. पण मी पाहिलं म्हणावं, तर तू तिथं काय करत होतीस? आणि ते सांगावं, तर गोंडा. मी ताट ठेवलं आणि आत गेले. साहेबांनी चहा चांगला झालाय म्हणून निरोप पाठवला.

यंत्रातला दोष, असं ठरलं. पण तो दोष सकाळी हाताला लागायला हवा होता आणि तपासल्याचा पुरावा नाही, असंही ठरलं. थांबा मेस्त्रींना कामावरून काढलं. पांढऱ्या चादरीत हत्यारं बांधून ते एसटीत बसले. चादर तेव्हाही स्वच्छ होती.

त्यानंतर मी कधी गोंडा केला नाही. घरात सगळ्यांना वाटायचं, ही आळशी. दर पोळ्याला बाजारचे गोंडे यायचे. लेकरं झाली, त्यांची लग्नं झाली, आत्याबाई गेल्या, मामंजी गेले. पंगतीत दहाची पंधरा पानं झाली, आणि त्या पंधरा पानांत वाढता वाढता मी एकटीच असायची, एका उंबऱ्यात ताट धरून उभी. यांना सांगावं असं शंभरदा वाटलं. हे बैलांशी बोलत असायचे, मी परत फिरायची.

तीस वर्षांनी निलंग्याला भावाकडं गेले होते. भाऊ म्हणाला, पंप गळतोय, एसटी स्टँडामागं एक म्हातारा चांगला करून देतो. मी म्हटलं, मला बाजारात जायचंच आहे, मी नेते. पत्र्याचं खोपटं, बाहेर पाठीवरच्या पंपांची रांग. मी पंप पुढं केला. आतून आवाज आला, "थांबा."

फडकं तसंच लाल होतं. हात पुसून पंप घेतला. "कुठून गळून राहिलाय, बाई?" मला ओळखलं नाही. बरं वाटलं, आणि वाईटही वाटलं. आभाळातल्या यंत्राचं घोरणं ऐकणारा माणूस आता पंपाचं रबरी वायसर बदलत होता. पण दांडा हलवून, नळीला कान लावून, तसाच ऐकत होता. कोपऱ्यात जेवणाचा डबा बंद. दुपारचे तीन वाजले होते. शेजारचा पानवाला म्हणाला, "रांगेतला शेवटचा पंप दिल्याबिगर खातच न्हाई हा माणूस."

मग मी दर खेपेला पंप नेऊ लागले. भाऊ वैतागला, "आक्का, तुला पंपाचं काय येड लागलंय?" खराब नसला तर मीच त्याचं वायसर काढून टाकायची. हे मेस्त्रींना कळत असणार. दोन मिनिटांत बसवून द्यायचे, "झालं बाई" म्हणायचे. बसायला एक डबा उलटा करून द्यायचे. आम्ही बसायचो. बोलायचो काय? अळीचं, पावसाचं, वायसरचं. सांगायचं ते ओठापर्यंत यायचं, आणि एसटी लागायची. अशी नऊ-दहा वर्षं मी काढली. आता सांगा, एकोणिसाव्या वर्षीची ती बया जास्त येडी, की साठीला आलेली ही?

मेस्त्री गेल्या साली गेले. भावाच्या सुनेनं फोनवर सांगितलं. खोपट्याच्या जागी मोबाईलचं दुकान झालंय. आणि यंदा पोळ्याला आमच्या नातसुनेनं नवं ड्रोन अंगणात आणून ठेवलं. बायकांच्या गटातून फवारणी शिकली ती. चार पंखे, पोटाला टाकी. म्हणाली, "आज्जी, ह्याला हळदकुंकू लावा." मी लावलं. तिनं बाजारचा गोंडा पुढं केला, तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "थांबा." कुणाला काही कळलं नाही. मी खोलीत येऊन बसले आणि हे लिहायला घेतलं.

पण मी त्यांना सांगितलं होतं. तेवढं तरी केलं. आमचे हे वारले, त्याच्या पुढच्या पोळ्याला मी निलंग्यात होते. दुसऱ्या दिवशी पुरणपोळीचा डबा घेऊन गेले. पंप नेला नाही. मेस्त्री पंचाहत्तरीला टेकले होते, डोळ्यांना जाड भिंगं. डबा घेऊन त्यांनी बाजूला ठेवला. रांगेत एक पंप होता.

"मेस्त्री, एक सांगायचंय."

"थांबा." नळीत फुंकर मारली, पंप पुरा केला, खाली ठेवला. "सांगा."

सांगितलं. पोपटी लोकर, तीन गाठी, तुरीत लपणं. तुम्हाला तपासताना पाहिलं होतं आणि चौकशीत उंबऱ्यात उभी असून गप्प बसले, हेही. बोलताना मी त्यांच्याकडं पाहिलं नाही, पंपांकडं पाहिलं.

मेस्त्रींनी फडक्याला हात पुसले. दोन्ही.

"हाव, ठाऊक हाय, वहिनी," ते म्हणाले.

वहिनी! दहा वर्षं मला बाई म्हणणारा माणूस. पहिल्या दिवसापासून ओळखत होते.

"शेपटीपाशी आलो तवाच दिसला. सोडला आन् खिशात घातला, मग शेपटी तपासली. आतली दांडी आतनंच चिरली होती, भाईरून दिसायची न्हाई. तुमच्या गोंड्याचा काय बी संबंध न्हाई."

चाळीस वर्षं. मला रडू यायला हवं होतं, आला राग. "मग चौकशीत का न्हाई दाखवला? खिशात होता न्हवं? तुम्ही शेपटीपाशी गेला होता ह्याचा तोच पुरावा होता!"

"थांबा." ते रस्त्याकडं बघत राहिले. एक एसटी गेली. "दाखवला असता तर सायबांनी इचारलं असतं, कुणी बांधला? तुमच्या चारी बैलांच्या गळ्यात तसलेच पोपटी गोंडे. नवी सून, उजाडायच्या आत, परक्या माणसाच्या राहुटीपाशी. मग यंत्राचं कुणी इचारलं असतं का?"

 मी विचारलं, "कुठाय तो?"

"कोण जाणे. सदरा फाटला, त्याच्यासंगट गेला आसल."

रांगेतला पंप न्यायला माणूस आला, पंप घेऊन गेला. मेस्त्री उठले, घागरीतून पाणी घेऊन हात धुतले, माझा डबा पुढं ओढून उघडला. पोळीचा तुकडा मोडला, तुपात बुडवला, सावकाश खाल्ला. दुसरा मोडला. मग अंगठा उजेडाकडं धरून बघत म्हणाले,

"गाठ मात्र लई पक्की मारली होती, वहिनी. सोडता सोडता माझं नख तुटलं."